दहा मिनिटांवरचं माणूस

बंगळुरूत नव्याने राहायला आलेल्या घराचे पहिले आठ-दहा दिवस कशात जातात हे ठरलेलं आहे. खोकी फोडायची, गॅस, वायफाय, पडदे, स्वयंपाकघरातले डबे, कामाला बाई. दोघं जण असतील तर हा क्रम चालून जातो. पण नवरा दूर आणि कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल अशी स्थिती असेल, तर हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. पडदे महिनाभर नसले तरी चालतं. आधी लागतं ते एक माणूस.

अशी घरं या शहरात थोडी नाहीत. कुणाच्या नवऱ्याला कंपनीने सहा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलेलं असतं. कुणाचा नवरा जहाजावर असतो, कुणाचा सैन्यात, आणि त्याचं पोस्टिंग कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. हल्ली उलटंही दिसतं. नोकरी बायकोची, बदली तिची, आणि नवरा पुण्यात किंवा नाशकात आपली नोकरी सांभाळून महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. या लेखात मी ‘आई’ म्हणत असले तरी काही घरांत ती जागा बाबाची असते, आणि त्याच्यासाठीही यातलं सगळं तसंच लागू आहे.

तर ते माणूस कसं हवं? रात्री दोन वाजता फोन केला तर उचलणारं, दहा मिनिटांत दारात येणारं, आणि ज्याला पाहून मूल किंचाळणार नाही असं. पहिल्या दोन अटी ओळखीपाळखीने, थोड्या धीटपणाने आठवड्याभरात जमतात. तिसरीला वेळ लागतो, म्हणून तिची सुरुवात पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

हा बागुलबुवा नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ताप चढताना झटका येतो. डोळे फिरतात, हातपाय ताठ होतात, पाहणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. बहुतेक वेळा तो दोन-तीन मिनिटांत थांबतो आणि मागे काही ठेवत नाही. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आता हे सगळं एकटीने करायचं, शिवाय गाडी बोलवायची, कुलूप लावायचं आणि ड्रायव्हरला पत्ता सांगायचा, हे दोन हातांचं काम नाही. झटका सोडा, आईलाच उलट्या-जुलाब लागले आणि उठवेना, तर दोन वर्षांच्या मुलाला दूध कोण देणार?

माणसाच्या पिल्लाला एकट्या आईने वाढवावं, अशी निसर्गाची योजनाच नव्हती. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सारा ब्लाफर हर्डी यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मदर्स अँड अदर्स’ या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे. चिंपांझीची आई आपलं नवजात पिल्लू कित्येक महिने दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. माणसाची आई देते. आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण, ज्या कुणाच्या हाती विश्वासाने देता येईल तिच्या हाती. मध्य आफ्रिकेतल्या एफे लोकांमध्ये तर तान्हं मूल जन्मल्यापासून अनेक बायकांच्या हातांतून फिरतं. माणसाचं मूल इतकी वर्षं परावलंबी राहूनही जगतं, ते या अनेक हातांमुळे, असा हर्डी यांचा युक्तिवाद आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्यामागे आणि आजोळ नावाच्या संस्थेमागे हेच शहाणपण असावं. ते आजोळ आठशे-साडेआठशे किलोमीटरवर राहिलं की नव्या गावात त्याची थोडीफार बदली सोय करावी लागते, इतकंच.

मराठी इतिहासात बंगळुरू आणि दूरचा नवरा यांची जोडी जुनी आहे. 1638 च्या सुमारास आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या मोहिमेत तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळुरू जिंकलं गेलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. राजे इकडे, आणि जिजाऊ लहानग्या शिवबाला घेऊन पुण्यात. ते पुणेही कसं, तर काही वर्षांपूर्वी आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केलेलं. पण जिजाऊंच्या भोवती जहागिरीचे कारभारी होते, सरदारांची कुटुंबं होती, वाड्यात माणसांचा राबता होता. नवरा दूर होता, घर रिकामं नव्हतं. आजच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची अडचण नेमकी इथे आहे.

म्हणून घर शोधताना खोल्या मोजण्याआधी माणसं कुठे भेटतील ते बघावं. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही 1898 च्या प्लेगनंतर आखलेली उपनगरं. गजबजलेल्या पेठेतून लोकांना मोकळ्या हवेत आणण्यासाठी तिथे सरळ रस्ते, ओळीने क्रॉस म्हणजे आडरस्ते, मधे बागा अशी रचना झाली. (मल्लेश्वरममधल्या काडु मल्लेश्वर देवळाला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी 1669 मध्ये दान दिल्याचा शिलालेख आहे. मराठी माणसाने तिथे परकं वाटून घ्यायचं कारण नाही.) जयनगर, राजाजीनगर हेही त्याच जुन्या वळणाचे भाग. इथे दुकानं पायी अंतरावर असतात, सकाळी नंदिनीच्या दूध बूथवर आणि संध्याकाळी हॉपकॉम्सच्या भाजी-फळांच्या स्टॉलवर तेच चेहरे रोज दिसतात, आणि अंगणात बसलेल्या अज्जी तुमच्या मुलाची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. दुसरीकडे व्हाइटफील्ड, बेलंदूर, सर्जापूर रस्ता इथली मोठमोठी संकुलं. फाटकाबाहेर पडलं की धूळ आणि ट्रक, फाटकाच्या आत मात्र संध्याकाळी साडेपाचला खेळाच्या जागेत वीस मुलं आणि तेवढेच मोठे.

मला विचाराल तर एकट्या आईने पहिली दोन वर्षं मधल्या आकाराचं संकुल निवडावं. शंभर-दीडशे घरांचं. हजार घरांच्या संकुलात कुणी कुणाला ओळखत नाही आणि आठ घरांच्या इमारतीत तुमच्या मुलाच्या वयाचं दुसरं मूल असेलच याचा भरवसा नसतो. लिफ्टने चार मजले खाली गेलं की ओळखीचं दार, याला या वयात फार किंमत आहे. जुन्या भागाचं सौंदर्य मूल स्वतःच्या पायांनी नीट चालू लागल्यावर अनुभवता येईल. बाबागाडी घेऊन बंगळुरूच्या बहुतेक फुटपाथवरून जाणं म्हणजे दर पन्नास पावलांवर ती उचलून घेणं.

घर बघताना घरमालकाला तीन गोष्टी विचाराव्यात, आणि पहिली पाण्याची. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे आणि शहराला पाणी मिळतं ते कावेरीचं, तोरेकाडनहळ्ळीहून, सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवलेलं. 2007-08 च्या सुमारास शहराला जोडलेल्या 110 गावांपर्यंत हे पाणी बरीच वर्षं पोचलंच नव्हतं, आणि आजची पुष्कळशी नवी संकुलं त्याच पट्ट्यात आहेत. कावेरीचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला 77.5 कोटी लिटर. तरी प्रत्येक इमारतीने जोडणी घेतलेली असतेच असं नाही. 2024 च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा टँकरची वाट पाहत बसण्यात काय हाल झाले ते तिथल्या लोकांना विचारा. दिवसाला चार वेळा कपडे बदलणारं मूल घरात असताना ‘कावेरी आहे का, की बोअर आणि टँकर’ हा प्रश्न फर्निचरच्या आधीचा आहे.

दुसरी गोष्ट ‘संप’, म्हणजे पाण्याची जमिनीखालची टाकी. जुन्या स्वतंत्र घरांत आणि छोट्या इमारतींत ती गाडी लावायच्या जागेतच असते आणि तिचं झाकण जमिनीच्या पातळीला. टँकर येऊन गेल्यावर ते उघडं राहिलं तर नुकतं पळायला शिकलेल्या मुलासाठी ती विहीर आहे. झाकणाला कुलूप घालून मागा, आणि घरमालक ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ म्हणाला तर दुसरं घर बघा.

तिसरी, करार कुणाच्या नावावर. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट मागायची जुनी चाल. आता पुष्कळ ठिकाणी ते कमी झालंय, पण केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात सुचवलेली दोन महिन्यांची मर्यादा इथे क्वचितच कुणी पाळतो. एवढी रक्कम एकट्या नवऱ्याच्या नावाने दिली आणि तो बाहेर असताना घर सोडायची वेळ आली, तर परताव्यासाठी त्याच्या सहीवाचून गाडी अडते. करार दोघांच्या नावावर करावा. त्यात आईचं नाव असलं की तोच कागद तिच्या पत्त्याचा पुरावाही होतो. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र असेल तर 11 जून 2023 पासून सुरू असलेल्या ‘शक्ती’ योजनेत बाईला राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास करता येतो. महाराष्ट्राचं आधार कार्ड दाखवलं तर कंडक्टर तिकीट फाडतो.

आता माणसं. आपल्याकडच्या सुशिक्षित बायकांना एक संकोच फार असतो. कुणाचं दार आपणहून वाजवायचं नाही. तो सोडावा लागतो. समोरच्या, खालच्या आणि वरच्या घरी पहिल्या आठवड्यातच मुलाला घेऊन जावं, पाच मिनिटं उभं राहावं, आणि स्पष्ट सांगावं की नवरा अमुक महिन्यांपर्यंत नाही, मी एकटी आहे, रात्री-अपरात्री गरज पडली तर फोन करेन, चालेल ना? नाही म्हणणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. (सुरक्षेचा विचार करून ही माहिती सगळ्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, दोन-तीन घरांपुरती ठेवावी.) मोलकरीण, रखवालदार, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा औषधवाला यांनाही मुलाचं नाव माहीत असावं. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत आणि सणावारी तिथे जावं, मन हलकं होतं. पण मंडळ शहराच्या मधोमध आणि तुम्ही इलेक्ट्रॉनिक सिटीत. मराठी माणसांचा शोध घेता घेता शेजारची तमिळ, तेलुगू, कन्नड आजी हातची जाऊ देऊ नये.

कन्नड थोडं शिकावंच. या शहरात हिंदी-इंग्रजीवर निभतं हे खरं, पण ज्या अज्जीच्या मांडीवर तुमचं मूल बसवायचं आहे तिचं निभत नाही. हालु म्हणजे दूध, नीरु पाणी, ऊटा जेवण, बेकु हवं, बेडा नको, एवढ्यावर मुलाचा दिवस पार पडतो. आणि एक वाक्य आईने पाठच करून ठेवावं. ‘मगुविगे ज्वर इदे, बेग बन्नि.’ मुलाला ताप आहे, लवकर या.

मूल दोन भाषांत गोंधळेल ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. आईशी मराठी, शेजारी कन्नड, पाळणाघरात इंग्रजी-हिंदी असं मिश्रण ऐकणारी मुलं सुरुवातीला शब्दांची सरमिसळ करतात, आणि ती काही बिघाडाची खूण नाही. त्यांचा शब्दसंग्रह मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे असतात. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर मात्र ‘दोन भाषा आहेत म्हणून’ असं स्वतःला समजावत थांबू नये. वाचा-श्रवणाची देशातली नामांकित सरकारी संस्था, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, बंगळुरूपासून तीन-चार तासांवर म्हैसूरला आहे.

मुलाच्या बाजूने ही बदली कशी दिसते? घर गेलं, आजी-आजोबा गेले, अंगणातलं कुत्रं गेलं आणि बाबाही गेला. तेही एकाच आठवड्यात, आणि का ते समजण्याइतकी भाषा नसताना. या वयात ताटातुटीचं काय होतं, यावर ब्रिटनमधल्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने केलेलं काम अजून वाचण्यासारखं आहे. जेम्स यांनी 1952 मध्ये रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक फिल्म केली. त्या काळी आईबापांना वॉर्डात थांबू देत नसत, आणि गप्प बसलेलं मूल म्हणजे रुळलेलं मूल असं डॉक्टर समजत. ते गप्प बसणं खरं तर आशा सोडणं आहे, हे त्या फिल्मने दाखवलं. पुढे दोघांनी मिळून आणखी काही मुलांचं चित्रण केलं. त्यातला सतरा महिन्यांचा जॉन आईच्या बाळंतपणात नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात राहिला. तिथल्या नर्स वाईट नव्हत्या, पण पाळीपाळीने बदलत. तो रोज नव्या चेहऱ्याकडे जाई आणि तो चेहरा निघून जाई. शेवटी आई आली तेव्हा तो तिच्याकडे जाईना.

त्याच दांपत्याने चार मुलांना स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आधी एक महिना मुलांना घरी आणून ओळख करून घेतली, येताना त्यांचं पांघरूण आणि खेळणी आणायला सांगितली, आईचा फोटो जवळ ठेवला, जेवण-झोपेच्या वेळा त्यांच्या घरच्यासारख्या पाळल्या. या मुलांनाही त्रास झाला, पण ती मोडली नाहीत. फरक पडला तो दोन गोष्टींनी, सतत तोच चेहरा आणि आधीची ओळख.

नव्या गावातल्या आईसाठी याचा अर्थ सरळ आहे. पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं आणि सीसीटीव्ही नंतर बघा, आधी विचारा की माझ्या मुलाला रोज कोण घेणार आणि ती बाई इथे किती दिवसांपासून आहे. दर दोन महिन्यांनी बायका बदलत असतील तर पुढचं दार गाठा. पहिले काही दिवस मुलासोबत तिथेच बसा, मग अर्धा तास बाहेर जा, मग दोन तास. जाताना सांगून जा. नोकरी करणाऱ्या आईने हेही लक्षात ठेवावं की 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली आहे. मुलाखतीच्या वेळीच हे विचारायला लाजू नये.

बदलीनंतर पहिले काही आठवडे मूल मागे जातं. शी-शू सांगणारं पुन्हा चड्डीत करतं, रात्री उठतं, आईला संडासातही एकटं जाऊ देत नाही. या काळात अंगावरचं दूध सोडवणं, शी-शूचं वळण लावणं, वेगळं झोपवणं यातलं काहीही नवं सुरू करू नये. अंघोळ, जेवण, अंगाई यांच्या वेळा आणि क्रम जुन्या घरासारखे ठेवावेत. जुनी गोधडी धुऊ नये. वास हाच तर तिचा उपयोग.

आणि फोनमधला बाबा. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला बहुतेक आयांना माहीत असतो, त्यामुळे व्हिडिओ कॉल करतानाही मनात अपराधी वाटतं. तसं वाटून घ्यायचं कारण नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्येच व्हिडिओ कॉलला वेगळं काढलं. त्यामागे शास्त्र आहे. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं समोर बसलेल्या बाईकडून चिनी भाषेचे ध्वनी शिकली, तेच टीव्हीवर दाखवल्यावर काही शिकली नाहीत. मग 2017 मध्ये लॉरेन मायर्स आणि सहकाऱ्यांनी बारा ते पंचवीस महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींशी पडद्यावरची व्यक्ती खरोखर बोलत होती, काहींना आधी चित्रित केलेली फिल्म दाखवली. आठवड्यानंतर ती व्यक्ती प्रत्यक्ष समोर आल्यावर कॉलवाल्या मुलांनी तिला ओळखलं आणि तिच्याकडे ओढ दाखवली. फिल्मवाल्या मुलांनी नाही. म्हणजे पडद्याची बाधा नाही, प्रश्न उत्तर मिळण्याचा आहे. मुलाने टाळी वाजवली की बाबाने त्याच क्षणी वाजवायला हवी.

म्हणून कॉलची वेळ मुलाची असावी, बाबाच्या मीटिंगनंतर उरलेली नव्हे. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात साडेदहा. मुलाचं पोट भरलेलं असतं, झोप झालेली असते, वेळ छान जमते. जर्मनीतून बोलायचं तर इथली संध्याकाळ. आखातातलं घड्याळ दीड ते अडीच तासच मागे. ‘काय केलंस आज?’ या प्रश्नाला दोन वर्षांचं मूल उत्तर देत नाही, ते उठून जातं आणि बाबा हिरमुसतो. त्याऐवजी दोघांनी एकाच वेळी केळं खावं, तीच चित्रांची पुस्तकं दोन्हीकडे ठेवावीत, बाहुलीला झोपवावं. आईने मधे बसून ‘बघ, बाबा काय म्हणतोय’ असं म्हणत राहिलं तर मुलाचं लक्ष टिकतं. पाच मिनिटं पुरतात.

जहाजावरच्या बाबाचं जरा अवघड. खलाशांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्त्या 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाल्या, त्यानुसार जहाजमालकाने खलाशांना शक्य तितकी इंटरनेटची सोय द्यायची आहे. पण भर समुद्रात ती कधी मिळेल ते सांगता येत नाही. सीमेवरच्या जवानाचंही तेच. अशा घरांनी ठरावीक वेळेचा नाद सोडावा आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे भिंतीवर अगदी खाली, बाबाचे फोटो लावावेत. रोज झोपताना त्याचं नाव घ्यावं. अमेरिकेत सैनिकांच्या लहान मुलांसाठी सेसमी स्ट्रीटने 2006 मध्ये खास संच काढला, त्यात एल्मोचा बाबाच परगावी जातो. आपल्याकडे आपशिंग्यासारख्या गावात घरोघरी फौजी, पण त्या घरातल्या दोन वर्षांच्या पोरासाठी मराठीत असं एकही पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. कुणीतरी लिहायला हवं.

कागदपत्रांच्या बाबतीत अजूनही ‘मुलाच्या वडिलांची सही?’ हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये आपल्या मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, त्यात पालक म्हणून स्वतः सही केली, आणि तो वडिलांच्या सहीसाठी परत आला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 म्हणतो की पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. 17 फेब्रुवारी 1999 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की इथे ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असं नव्हे, त्यांच्या गैरहजेरीत असं वाचायचं. नवरा परगावी असलेल्या प्रत्येक आईने हा निकाल नावानिशी लक्षात ठेवावा. पासपोर्टचं थोडं वेगळं आहे. मुलाच्या पासपोर्टला दोघांची संमती देणारं परिशिष्ट डी लागतं, आणि एक जण परदेशात असेल तर त्याला तिथल्या भारतीय वकिलातीतून शपथपत्र साक्षांकित करून पाठवावं लागतं. कधीतरी त्याच्याकडे जायचा बेत असेल तर हे तो निघण्याआधीच उरकावं. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार बोटांचे ठसे न घेता, आई किंवा वडिलांच्या आधारला जोडून मिळतं.

लसीकरणाचं कार्ड खोक्यात टाकू नये, पर्समध्ये ठेवावं. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो, नेमक्या याच काळात बदली झाली की तो राहून जातो. सरकारी केंद्रात दुसऱ्या राज्याचं कार्ड चालतं आणि लस फुकट मिळते. बालरोगतज्ज्ञ मूल बरं असतानाच गाठावा, वजन-उंचीच्या निमित्ताने. घरापासून रात्री उघडं असलेलं मुलांचं रुग्णालय कोणतं, तिथे जायला किती वेळ लागतो, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन बघावं. बंगळुरूच्या रहदारीत नकाशावरचं अंतर फसवं असतं. मोठ्या सरकारी सोयींमध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या जवळची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आणि पेठेजवळचं वाणी विलास रुग्णालय लक्षात ठेवावं. पाळणाघरात जाऊ लागल्यावर वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे सामान्य आहे, हवामानाला दोष देऊ नये. डेंगीला मात्र गांभीर्याने घ्यावं. 2024 मध्ये कर्नाटकाने तो साथीचा रोग म्हणून जाहीर केला. त्याचा डास दिवसा चावतो आणि बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. दारामागे चार आकडे लिहून लावावेत. तातडीला 112, रुग्णवाहिका 108, पाण्याची तक्रार 1916, वीज 1912.

पाचवा आकडा आईसाठी, 14416. टेली-मानस ही केंद्राची मानसिक आरोग्याची फुकट दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि तिच्या उभारणीत बंगळुरूच्याच निम्हान्सचा मोठा वाटा आहे. निम्हान्समध्ये मानसिक आजार झालेल्या आईला बाळासह दाखल करून घेणारा विभाग 2009 पासून आहे, देशातला पहिला. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाळिसाव्या दिवशी संपत नाही, वर्ष-दीड वर्षही रेंगाळू शकतं, आणि गाव बदललं की वर येतं. मूल झोपल्यावरही झोप न लागणं, कारण नसताना रडू येणं, मुलावर हात उगारला जाणं, हे दोन आठवडे टिकलं तर नवरा येईपर्यंत थांबायचं नाही. फोन करायचा.

मग एक दिवस बाबा येतो. विमानतळावर हात पसरतो आणि मूल आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. हे जॉनसारखं आहे, राग आणि संकोच यांचं मिश्रण, आणि ते ओसरतं. आल्या आल्या उचलून घ्यायचा, पापे घ्यायचा हट्ट बाबाने करू नये. जमिनीवर बसावं, खेळणं पुढे सरकवावं, वाट पाहावी. पहिले दोन दिवस पाहुणे, मॉल, देवळं काही नको. आईने बसवलेल्या वेळा त्याने मोडू नयेत, आणि तिनेही ‘तुला काही माहीत नाही’ म्हणून त्याच्या हातून वाटी काढून घेऊ नये. सुट्टी संपून परत निघताना मूल झोपलेलं असताना हळूच निसटणं हा सोपा मार्ग वाटतो. तो घेऊ नका. उठवा, सांगा, दारातून हात हलवून जा. रडेल. पण न सांगता गेलेल्या बाबाचं मूल पुढे कित्येक दिवस झोपायलाच घाबरतं.